जमिनीवर उभे राहणे

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. नव्या गाडीच्या मीटरवर एकूण एकेचाळीस किलोमीटर धाव. उतार जिथे संपतो त्या चौकात सिग्नल तांबडा झाला, पुढची बस थांबली, आणि त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आपल्या छातीकडे ओढले.

घडले ते एवढेच. दोन्ही पाय सपाट टेकलेले, टाचा रोवलेल्या, पाठ आसनात रुतलेली, कोपरे बरगड्यांना लागलेली, आणि बसची मागची बाजू काचेत सावकाश मोठी होत चाललेली. ब्रेकचे पेडल उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर होते आणि त्याची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. नंतर दिवसभर त्याला नवल वाटत राहिले ते या चुकीचे नव्हे, तर त्या क्षणातल्या निवांतपणाचे. तो वाट पाहत होता. आता नाक वर उचलले जाईल, अंग आसनात दाबले जाईल, बस खाली जाईल, तिचे छप्पर चाकांखालून सरकेल आणि समोर नुसते आभाळ उरेल, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग पत्र्याचा आवाज झाला, ओट्यावरून भांडे घसरावे इतपत, आणि आभाळ काही आले नाही.

शेजारच्या आसनावर ब्रेक-फिटर बसला होता. सारा कारखाना त्याला डुलकी म्हणतो, कारण त्याच्या पापण्या जन्मापासून अर्ध्यावर आलेल्या आहेत आणि तो जागा आहे की नाही हे त्याच्या हातांवरूनच ओळखावे लागते. या क्षणी तो पुरता जागा होता. त्याने उजवा पाय गुडघ्यात ताठ करून, सगळ्या अंगाचा भार टाकून, पायाखालची रबरी चटई दाबून धरली होती. तिथे पेडल नव्हते. तिथे काहीच नव्हते. एक माणूस ओढत होता, दुसरा दाबत होता, आणि दोघांना न विचारता गाडी आपल्या चालीने जाऊन बसला टेकली होती. डुलकीची नजर आधी त्याच्या हातांवर गेली, मग त्याच्या पायांवर, आणि मग खिडकीबाहेर, जिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

बसचा कंडक्टर उतरून आला. त्याने वाकून बंपरवर हात फिरवला, चालकाचे पांढरे केस पाहिले आणि तयार ठेवलेला आवाज थोडा खाली आणला.

"आजोबा, आत यायचं असेल तर दार बाजूला असतं."

"चूक आमची आहे," डुलकी उतरत म्हणाला. "नवीन गाडी आहे. ट्रायल चाललीय."

"मग ट्रायलला आमचीच बस सापडली? भिंती काय संपल्या?"

बसच्या मागच्या खिडकीतून एका बाईने डोके बाहेर काढले. "अहो, सोडा त्यांना! तुम्ही रोज आमची हाडं खिळखिळी करता तेव्हा कोण विचारतं तुम्हाला? मला दहाच्या आत पोचायचंय."

"बाई, तुम्ही आत बसा. हा आमचा आपसातला मामला आहे," कंडक्टर म्हणाला, पण हसला, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि बस निघून गेली. तिला ओरखडाही उठला नव्हता. नव्या गाडीचे नाक मात्र आत गेले होते आणि एक दिवा तिरळा होऊन फुटपाथकडे पाहत होता.

"मी घेऊ का, साहेब?"

"नको."

परतीच्या वाटेवर त्याने प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबला. गरज नसतानाही दाबला. प्रत्येक वेळी गाडी खांदा धरून थांबवल्यासारखी मऊ थांबली. ब्रेकमध्ये काही उणे नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघेही ते बोलले नाहीत. कारखान्याचा एक नियम आहे: नवे मॉडेल निघाले की पहिली फेरी मालकाने स्वतः घ्यायची, आणि ज्याने ब्रेक बसवला त्याने शेजारी बसायचे. ती फेरी धड पार पडली तरच पुढच्या गाड्यांचे पत्रे कापायला जातात. बाहेरच्या लोकांना हा नियम म्हणजे एका जुन्या लढाऊ वैमानिकाची हौस वाटते. मालाच्या छोट्या गाड्या करणाऱ्या माणसाला एवढी तरी ऐट हवीच, असे ते म्हणतात, आणि तो ते म्हणू देतो. या नव्या गाडीला कामगार बुटकी म्हणतात. ती आधीच्या तिन्ही मॉडेलांपेक्षा ठेंगणी आहे. दुकानदाराला पेटी उचलून आत ठेवताना कमरेपेक्षा वर उचलावी लागू नये, असा तिच्यामागचा विचार. तो विचार मुलीचा. त्याचा विचार त्या गाडीत फारसा नव्हता. तिच्यात त्याची फक्त पहिली फेरी होती.

मुलगी फाटकातच उभी होती. तांत्रिक शिक्षण संपवून ती कारखान्यात आली त्याला बरीच वर्षे झाली, तरी काही बिनसले की ती अजून हाताची घडी घालून एका पायावर भार देऊन उभी राहते, शाळेच्या निकालाच्या दिवशी राहायची तशी. तिने नाक पाहिले, मग वडिलांचे कपाळ, मग डुलकीला.

"कुणाला लागलं का?"

"नाही."

"ब्रेक?"

प्रश्न एका शब्दाचा होता आणि उत्तरही फार लांब झाले नसते. त्याला वाटले, डुलकी सांगेल. डुलकीला वाटले असावे, ते साहेबांनीच सांगायचे. त्या दोघांच्या मधे जी पोकळी राहिली तीच तिने उत्तर म्हणून घेतली. "ठीक आहे. चारही चाकं उतरवा. पेडलपासून मागच्या ड्रमपर्यंत सगळं खोला. बाबा, तुम्ही वर जाऊन बसा जरा. चेहरा उतरलाय तुमचा."

वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीला शेडच्या बाजूने सबंध काच आहे. तिथून सगळे दिसते आणि आवाज मात्र गाळून येतो. घण पडतो तो आधी दिसतो आणि मग दुसऱ्या कशाचा तरी असल्यासारखा ऐकू येतो. खुर्चीत बसून त्याने आपले हात टेबलावर ठेवले आणि ते दुसऱ्याने तपासायला पाठवलेल्या भागांसारखे पाहिले. तळव्यांवर स्टिअरिंगच्या कडेचा तांबूस वळ उमटला होता. म्हणजे ओढ चांगलीच होती. ओढायला हातांना कोणी सांगितले? त्याने नाही. सांगायला वेळच नव्हता. त्याचा सिग्नल पाहणारा डोळा, त्याचा हिशेब करणारा मेंदू, गिऱ्हाइकांशी बोलणारी जीभ, हे सगळे जमिनीवर येऊन चार दशके झाली होती, रुळले होते, पोट सुटले होते त्यांचे. हात मात्र अजून कुठेतरी वरच होते. हवेत ब्रेक नसतो, हे त्यांनी विसाव्या वर्षी शिकून घेतले होते. हवेत थांबणे नावाची गोष्टच नाही. जे थांबले ते पडले. समोर जमीन आली, डोंगर आला, दुसऱ्याचे विमान आले, तर करण्यासारखे एकच असते: विमान वर नेणारी दांडी पोटाशी ओढायची आणि येईल ते सोसायचे. आणि मग त्याच हातांनी पुढे जन्मभर ज्या गाड्या केल्या त्यांची सगळी अब्रू एकाच गोष्टीवर अवलंबून, की त्या वेळेवर थांबतात. हा विनोद इतकी वर्षे त्याच्या शेजारी बसून होता आणि त्याला आज ऐकू आला.

विमानाने खाली मारलेला तो सूर त्याला क्वचितच आठवतो, म्हणजे मनाला. लढाईचे दुसरे वर्ष होते, ढगांना पोटाकडून उजेड येत होता, आणि मागे लागलेल्या शत्रूच्या विमानातल्या गोळ्या त्याच्या पंखांच्या कडा कुरतडत होत्या. त्याने नाक सरळ खाली केले. एका मर्यादेपर्यंत वेग हा आनंद असतो, त्यानंतर तो नुसता आवाज होतो, आणि त्याच्याही पुढे तो घट्ट होत जातो. मागचा केव्हाच मागे राहिला होता. आता प्रश्न फक्त वर येण्याचा होता, आणि दांडी सिमेंटमध्ये पुरलेल्या खांबासारखी जागची हलेना. उंचीचा काटा घड्याळाचा नव्हेच, पंख्याचा असावा तसा फिरत होता. दोन्ही हात, टाचा रोवलेल्या, कोपरे बरगड्यांना. मग ती जराशी आली, आणि अंगावर कोणीतरी ओल्या वाळूची पोती रचू लागले. कडेचे रंग गेले, मधले गेले, मग उजेडच गेला. शुद्ध मात्र होती. त्या काळोखात तो स्वतःचे कण्हणे ऐकत ओढत राहिला. दृष्टी परतली तेव्हा खाली एक परसू होते, इतके जवळ की वाळत घातलेल्या चादरींचे पाणी निथळताना दिसले, आणि एक बाई, तोंडात लाकडी चिमटे धरलेली, मान वर करून त्याच्याकडे पाहणारी. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. चादरी पुन्हा धुवाव्या लागतील की काय, एवढीच काळजी दिसली त्याला तिथे, आणि मग आभाळ आले, पुष्कळ आले, आणि तो हसत सुटला.

धावपट्टीवर मामा उभे होते. मामा त्याच्या विमानाचे फिटर. वयाने थोराड, आणि तिथल्या सगळ्याच पोरांचे मामा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पंखाखाली गेले, पत्र्यावर पडलेल्या सुरकुत्यांवरून बोट फिरवले, उडालेल्या रिव्हेटांच्या रिकाम्या भोकांत नख घालून पाहिले.

"किती ओढलंत?"

"येईपर्यंत."

"हं." मामांनी पंखावर हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "तुमच्यापेक्षा हेच जास्त घाबरलंय. तुम्ही जा, चहा घ्या. मी बसतो याच्याजवळ."

टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, धडकलात म्हणे."

"धडकलो नाही. टेकलो."

"बरं, टेकलात. लागलं का कुठे?"

"नाही."

"आणि त्या बसला?"

"बसला काय लागणार!"

तिच्या मागे नळ चालू होता, तो तिने बंद केलेला ऐकू आला. "ओढलंत का?" तिने विचारले.

त्याने फोनच्या वळ्यावळ्यांच्या वायरीत बोट घातले आणि काढले. खाली शेडमध्ये पुढचे डावे चाक उतरले होते.

"नसेल सांगायचं तर नका सांगू," ती म्हणाली. "मी आपलं विचारलं. लग्नापासून शेजारी झोपते तुमच्या. अंगावरची चादर छातीशी घट्ट ओढून घेता, माझ्या वाट्याचीसुद्धा. ऐन थंडीत मी कुडकुडत बसायची, पण उठवायची नाही. म्हटलं, आधी वर येऊ देत."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलण्यासारखं काय त्यात? वर आलात की सोडता चादर. जेवायला येताय ना? उशीर केलात तर मी थांबणार नाही, माझ्या गोळीची वेळ चुकते."

तिने फोन ठेवला. आपला फोन कानाशी तसाच धरून तो काचेतून पाहत राहिला. तिचे शब्द खोलीत इकडे तिकडे ठेवल्यासारखे वाटत होते. उठून आवरायला हवे होते आणि उठवत नव्हते. त्याच्या विमानात एकच आसन होते. त्या एका आसनाचा त्याला केवढा अभिमान होता! मोठ्या विमानांतले लोक एकमेकांना पाणी देतात, शिव्या देतात, नकाशा विचारतात. त्याच्या विमानात विचारायला कोणी नव्हते आणि म्हणून उत्तरेही सगळी त्याचीच. लढाई संपली, कपडे बदलले, लग्न झाले, कारखाना उभा राहिला, आणि तो एका आसनातच बसून राहिला, शेजारी माणसे येऊन बसली तरी. आता कळत होते की शेजारी कोणीतरी सतत कुडकुडत बसले होते. आणि दुसरा एकजण पायाखालची चटई दाबत बसला होता.

दुसरे आसन मामांनी आणले. लढाईनंतर विमानतळावरचे भंगार विकायला निघाले तेव्हा त्याने शेपटाखालची छोटी चाके घेतली, ढीगभर ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला आणि गावाबाहेर एक शेड भाड्याने घेऊन तीन चाकांची मालगाडी करायला लागला. लोक विचारत, ही उडते का? तो म्हणे, पैसे जास्त दिलेत तर. मामा आपली पान्यांची पेटी घेऊन न बोलावता आले आणि ब्रेकच्या बाजूला मांडी घालून बसले. पहिली गाडी उभी राहिली, त्याने तिच्यात बसून इंजिन चालू केले, तर पलीकडून मामा चढले.

"तुम्ही कशाला, मामा? ओझं वाढवता."

"सगळी लढाई उभा राहिलो," मामा जागा करून घेत म्हणाले. "तुमच्या त्या विमानात बसायला जागा नव्हती. हिच्यात आहे. चला."

त्याला वाटले होते, म्हाताऱ्याचे पाय दुखतात. तो हसला होता. पुढे तोच नियम झाला, आणि मामांनंतर त्यांच्या हाताखाली तयार झालेला डुलकी त्या जागी बसू लागला. उभे राहणे म्हणजे काय, हे त्याने मामांना कधी विचारले नाही. त्याने ते पाहिले मात्र होते, एकदा, असेच काचेतून. त्यांच्या तुकडीत एकजण होता, रेडिओवर बोलण्याऐवजी शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टीच म्हणत त्याला. तो त्या दिवशी परतला नाही. बाकीचे सगळे उतरले, खानावळीत आले, भूक कडकडून लागलेली. खिडकीतून मैदान दिसत होते, आणि तिथे शिट्टीचा फिटर उभा होता, चाकांपुढे लावायच्या लाकडी ठोकळ्यांची दोरी हातात धरून. मामांचे विमान केव्हाच परत आले होते, तरी मामा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. ते बोलत नव्हते. आभाळाकडेही पाहत नव्हते. कोणत्याही टाकीतले इंधन संपून गेले असणार, इतका वेळ होऊन गेला, सावल्या लांबल्या, आणि ती दोन माणसे आपल्या चार पायांवर भार सारखा वाटून उभीच होती, जणू तेवढ्याने वर कुठेतरी काहीतरी तोलले जात होते. मग त्याने खुर्ची वळवून खिडकीकडे पाठ केली आणि जेवण पुरे केले.

खाली डुलकी तसाच उभा होता. हातात ब्रेकची अर्धगोल पट्टी, आणि भोवती त्याच्या विभागातली माणसे. बाजूला चार चाके आडवी, चार ड्रम उपडे. त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नव्हते; सगळे त्याच्यापासून थोडे अंतर ठेवून उभे होते, एवढेच.

मुलगी वर आली तेव्हा तिच्या हातांना ग्रीस होते आणि एका फडक्यात काहीतरी गुंडाळलेले होते. ती बसली नाही.

"काही नाही सापडलं. ड्रम गोल आहेत, लायनिंग कोरं आहे, नळीत हवा नाही. पेडल मी स्वतः दाबून बघितलं. आणि कारण सापडत नाही म्हणजे..."

वाक्य पुरे करायची गरज नव्हती. ज्याचे कारण सापडत नाही तो दोष ब्रेकचाच धरायचा, हेही त्यानेच घालून दिलेले होते. बुटकी मागे जाणार होती, ब्रेक नव्याने आखले जाणार होते, आणि ते आखायला दुसरा कोणी बसणार होता.

"डुलकी काय म्हणतो?"

"तेच तर! मी विचारलं, तुम्ही शेजारी होतात, नेमकं झालं काय? तर म्हणाले, माझं लक्ष नव्हतं, मला डुलकी लागली होती." तिला हसू आले आणि गेले. "सगळे हसले. ते नाही हसले. मग म्हणाले, ताई, ब्रेकवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा, माझा हात बदलला असेल. बाबा, त्या माणसाचा हात बदलला असं तुम्हाला वाटतं?"

तिने फडके टेबलावर ठेवून उलगडले. आत पोलादी पट्टीचा एक कंस होता, स्टिअरिंगची नळी डॅशबोर्डखाली धरून ठेवणारा.

"आणि हे एक. याचा ब्रेकशी संबंध नाही, पण उघडलंच होतं म्हणून दिसलं. हा जागेवरून दोन बोटं सरकलाय. बोल्ट ढिले राहिले असणार, जोडणीवाल्यांना सांगते." ती दाराकडे वळली, आणि वळता वळता हिशेब करीत थांबली, ती लहान असल्यापासून तो ते थांबणे ओळखत होता. "पण गंमत बघा. धडक बसली तर माणूस पुढे आपटतो. कंस पुढे सरकायला हवा. हा मागे आलाय, सीटकडे. रंग खरवडलाय तोही त्याच बाजूला. म्हणजे कुणीतरी तो ओढलाय. असं कोण ओढेल?"

जोडणीवाल्यांना सांग, एवढे म्हटले असते तर ती गेली असती. त्याने कंसाच्या चकाकत्या ओरखड्यावर बोट ठेवले. मामांनी पंखाच्या सुरकुत्यांवर ठेवले होते तेच हे बोट आहे, असे त्याला उगाच वाटले.

"ज्याला वर जायचंय तो," तो म्हणाला.

आता ती बसली. तिने त्याच्या हातांकडे पाहिले. तळव्यांवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते.

"कधीपासून, बाबा?"

"गाडीत आज पहिल्यांदा."

"आणि गाडीबाहेर?"

"ते आईला विचार. तिच्याकडे पक्की माहिती आहे."

तिने फडक्याच्या कोपऱ्याने बोटे पुसली, एकेक करून, सावकाश. खाली कोणीतरी हवेचा पंप चालू केला, बंद केला. "मला मांडीवर घेऊन तुम्ही स्टिअरिंग धरायला द्यायचात," ती म्हणाली. "मी लोंबकळायची त्याला. तुम्ही म्हणायचात, ओढायचं नाही गं, फिरवायचं."

"बरोबर सांगत होतो."

"हो." मग तिच्यातली इंजिनिअर पुढे आली, कारण दुसऱ्या कोणाला त्या वेळी बोलता आले नसते. "कंस जाड करायला हवा. कुणी कितीही ओढलं तरी सरकता कामा नये."

"कर. चांगलंच आहे ते. पण ओढणारा परत बसणार नाही."

वाक्य त्याच्या तोंडून गेले आणि खोलीत दुसऱ्याच कोणाच्या आवाजात ऐकू आले. सकाळपासून त्याला वाटत होते की हे म्हणताना काहीतरी तुटेल. तसे काही झाले नाही. अंगावरची वाळूची पोती मात्र एकेक करून उतरत असल्यासारखे वाटले, आणि कडेचे रंग परत येऊ लागले: फडक्याचा निळा, मुलीच्या केसांतला पांढरा, जो त्याने आजवर पाहिला नव्हता.

तो जिना उतरून ब्रेकच्या विभागात गेला. माणसांनी वाट दिली.

"डुलकी लागली होती म्हणे."

"हो, साहेब."

"उघड्या डोळ्यांनी?"

"माझे डोळे उघडे असतात कुठे, साहेब?"

आता सगळ्यांबरोबर डुलकीही हसला, आणि ते हसणे ओसरेपर्यंत तो थांबला. मग साध्या आवाजात, पाळी बदलल्याची सूचना द्यावी तसे, म्हणाला, "ब्रेक दाबलाच गेला नव्हता. मी स्टिअरिंग ओढलं. ब्रेक आहेत तसे परत बसवा. पुढची फेरी ताई घेईल." डुलकीने हातातली पट्टी पुसली आणि ड्रमजवळ उकिडवा बसला, आणि थोड्या वेळाने बाकीचेही बसले. मग वर खोलीत जाऊन त्याने घरी फोन करून जेवायला येत नाही म्हणून सांगितले. बायको म्हणाली, मी जेवले कधीचीच.

दुपारी ऊन कलल्यावर बुटकी मागच्या आवारात आली, नाक तसेच चेपलेले, दिवा तिरळा. आवारात चाचणीची सरळ पट्टी आहे. तिच्यावर एक पांढरी रेघ आहे. चाळीसच्या वेगाने रेघेवर येऊन ब्रेक दाबायचा आणि बारा मीटरच्या आत थांबायचे. मुलगी चालकाच्या जागी बसली. डुलकीने दुसरे दार उघडले आणि तो तसाच थांबला, एक हात दारावर.

"साहेब, तुम्ही बसता का इथे? मी मागे पेटीच्या जागेत बसेन."

"नियम काय आहे?"

"ब्रेक बसवणारा शेजारी."

"मग बस."

"बाबा, तुम्ही कुठे थांबणार?" मुलीने खिडकीतून विचारले.

त्याने आजूबाजूला पाहिले. खुर्ची होती, ती कोणीतरी त्याच्यासाठीच आणून ठेवली होती. "मी इथे उभा राहतो," तो म्हणाला.

गाडी पट्टीच्या पार टोकाला गेली, वळली आणि खेळण्याएवढी होऊन थांबली. मग निघाली. ज्या गोष्टीत आपण नाही ती आपल्याकडे येताना कशी दिसते, हे तो आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. आत असताना वेग हातात असतो, इथे तो दुसऱ्याच्या हातात होता. काचेवर ऊन पडले होते, त्यामुळे मुलीचा चेहरा दिसत नव्हता. आत कोण आहे, आहे की नाही, हेही दिसत नव्हते. चेपलेले नाक तेवढे वाढत होते. करण्यासारखे काही नव्हते. हात रिकामे होते आणि त्यांनी, आश्चर्य म्हणजे, काहीच ओढले नाही. ते मामांच्या हातांसारखे दोन्ही बाजूंना लोंबत राहिले, दोरी नसतानाही दोरी धरल्यासारखे. मामा आभाळाकडे का पाहत नसत ते त्याला कळले. पाहण्याचे काम डोळ्यांचे नव्हतेच. चाके रेघेवर आली, आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यात ताठ झाला, बूट खडीत रुतला, सगळे अंग त्या एका पायात उतरले, आणि तो दाबत राहिला, दाबत राहिला, गाडी पुरती उभी राहीपर्यंत.

मग त्याने पाय उचलला. खडीत बुटाचा खोल ठसा राहिला होता. त्याने मोजायची फीत मागून घेतली, तिचे टोक स्वतः वाकून रेघेवर धरले, आणि दुसरे टोक घेऊन डुलकी चाकापाशी गेला. मुलीने उतरून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला.

दहा मीटर चाळीस सेंटीमीटर.